भुंगेऱ्यामुळे वाचलेला कीटकशास्त्रज्ञ

बंबलबी या गुबगुबीत, केसाळ माशीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘बॉम्बस’. शास्त्रीय ग्रंथांत या नावापुढे ‘लात्रेय, १८०२’ अशी नोंद आजही केली जाते. ही प्रजाती स्थापन करणारे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पिएर आंद्रे लात्रेय हे मुळात धर्मगुरू होते आणि ऐन तिशीत ते मृत्यूच्या दारातून परतले होते.

लात्रेय यांचा जन्म २९ नोव्हेंबर १७६२ रोजी फ्रान्समधील ब्रीव्ह येथे झाला. अनौरस म्हणून जन्मलेल्या या मुलाला आईवडिलांचे छत्र लाभले नाही. हितचिंतकांच्या आधाराने त्यांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेतले आणि १७८६ मध्ये ते धर्मगुरू झाले. मन मात्र कीटकांच्या अभ्यासातच रमले.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर धर्मगुरूंना नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेणे सक्तीचे झाले. लात्रेय यांनी ती घेतली नाही. १७९३ मध्ये त्यांना अटक होऊन बोर्दोच्या तुरुंगात टाकण्यात आले. एके दिवशी कैद्यांना तपासण्यासाठी आलेल्या डॉक्टरांना ते जमिनीवरील एका भुंगेऱ्याचे निरीक्षण करताना दिसले. हा कीटक दुर्मीळ असल्याचे कळताच डॉक्टरांनी तो बोरी द सँ-व्हँसाँ या पंधरा वर्षांच्या निसर्गप्रेमी मुलाकडे पाठविला. बोरीला लात्रेय यांचे लेखन ठाऊक होते. त्याच्या खटपटीमुळे लात्रेय आणि त्यांचा एक सोबती सुटले. कोठडीतील उरलेले कैदी महिनाभरात मृत्युमुखी पडले, असे चरित्रकार सांगतात. तो भुंगेरा होता ‘नेक्रोबिया रुफिकॉलिस’.

सुटकेनंतर १७९६ मध्ये लात्रेय यांनी कीटकांच्या वर्गीकरणावरील ग्रंथ स्वखर्चाने प्रसिद्ध केला. लिनिअस यांनी वर्गीकरणात पंखांवर, तर फाब्रिसिउस यांनी मुखावयवांवर भर दिला होता. लात्रेय यांनी शरीराच्या सर्व लक्षणांचा एकत्रित विचार करून कीटकांची नैसर्गिक कुळे मांडली. लिनिअस यांनी मधमाश्यांबरोबर ‘एपिस’मध्ये ठेवलेल्या बंबलबी त्यांनीच वेगळ्या काढल्या. १८१० मध्ये प्रत्येक प्रजातीसाठी एक प्रातिनिधिक जाती ठरवून देण्याचे कामही त्यांनी हाती घेतले.

पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ते १७९८ पासून काम करीत होते. लामार्क यांची दृष्टी गेल्यावर त्यांच्या व्याख्यानांची धुरा लात्रेय यांनी सांभाळली. पण प्राध्यापकपद मिळाले ते लामार्क यांच्या निधनानंतर, वयाची पासष्टी उलटल्यावर. ६ फेब्रुवारी १८३३ रोजी लात्रेय यांचे निधन झाले. पेर-लाशेज दफनभूमीतील त्यांच्या स्मारकावर तो भुंगेराही कोरलेला आहे.

महाराष्ट्रात दिसणारा, लाकूड पोखरणारा काळा भुंगा म्हणजे बंबलबी नव्हे. भारतात बंबलबी प्रामुख्याने हिमालयात आढळतात. जगभरात त्यांच्या सुमारे अडीचशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील काही बाह्यलक्षणांवरून ओळखताच येत नाहीत. अमेरिकेतील रॉकी पर्वतात ‘बॉम्बस सिल्व्हिकोला’ म्हणून गोळा केलेल्या माश्यांचा जनुकसंच तपासला असता त्या दोन वेगळ्या जातींच्या निघाल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात नव्या जातीला ‘बॉम्बस इन्कॉग्निटस’, म्हणजे अनोळखी, असे नाव देण्यात आले. लात्रेय यांच्याकडे भिंग होते, आजच्या संशोधकांकडे जनुके वाचण्याचे तंत्र आहे. नव्याने उमगलेल्या जातीला मात्र आजही जागा मिळते ती त्यांनी १८०२ मध्ये आखून दिलेल्या प्रजातीतच.