रुडॉल्फ फिरखो

रुडॉल्फ लुडविग कार्ल फिरखो (१३ ऑक्टोबर १८२१ – ५ सप्टेंबर १९०२) हे जर्मन वैद्यक, विकृतिवैज्ञानिक, मानवशास्त्रज्ञ आणि राजकारणी होते. आधुनिक विकृतिविज्ञानाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. साथीच्या रोगांचा राजकीय व सामाजिक परिस्थितीशी असलेला संबंध त्यांनी आग्रहाने मांडला.

प्रारंभिक जीवन

फिरखो यांचा जन्म प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील शीफेलबाइन (सध्याचे श्विद्विन, पोलंड) येथे झाला. बर्लिनमधील लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण घेऊन १८४३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. पुढे ते शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करू लागले. १८४५ मध्ये त्यांनी रक्ताच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १८४७ मध्ये बेन्नो राइनहार्ट यांच्यासह त्यांनी विकृतिविज्ञानाचे नियतकालिक सुरू केले.

सायलिशियातील साथ

१८४७-४८ च्या हिवाळ्यात प्रशियाच्या ताब्यातील अपर सायलिशियात दुष्काळ पडला आणि टायफसची साथ पसरली. फेब्रुवारी १८४८ मध्ये शासनाने फिरखो यांना पाहणीसाठी तेथे पाठवले. सुमारे तीन आठवडे त्यांनी रुग्णांची, घरांची आणि लोकांच्या आहाराची पाहणी केली. तेथील बहुसंख्य जनता पोलिश भाषक व अत्यंत गरीब होती; शाळा व प्रशासनाची भाषा मात्र जर्मन होती.

शासनाला वैद्यकीय अहवाल अपेक्षित होता. फिरखो यांनी मात्र साथीची जबाबदारी उपासमार, निरक्षरता, जमीनदारांचे वर्चस्व आणि शासनाची अनास्था यांवर ठेवली. लोकशाही, पोलिश भाषेला मान्यता, सार्वत्रिक शिक्षण, धर्मसंस्था व शासन यांची फारकत, गरिबांवरील करांत कपात आणि रस्तेबांधणी हे उपाय त्यांनी सुचवले.

क्रांती आणि निलंबन

ते परतल्यानंतर काही दिवसांतच, १८ मार्च १८४८ रोजी, बर्लिनमध्ये क्रांतीचा उठाव झाला. फिरखो त्यात सहभागी झाले. त्याच वर्षी त्यांनी रुडॉल्फ लॉइबुशर यांच्यासह वैद्यकीय सुधारणांसाठी साप्ताहिक काढले. समाजातील दोषांमुळे उद्भवणाऱ्या साथींना त्यांनी 'कृत्रिम' साथी म्हटले. क्रांती दडपली गेल्यावर १८४९ मध्ये शासनाने त्यांना निलंबित केले आणि साप्ताहिकही बंद पडले. राजकारणापासून दूर राहण्याची हमी देऊन त्यांनी बव्हेरियातील वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद स्वीकारले.

बर्लिनमधील कार्य

१८५६ मध्ये ते बर्लिनला परतले. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते आणि रोगाचे मूळ पेशींतील बदलांत असते, हा सिद्धान्त त्यांनी १८५८ च्या ग्रंथात मांडला. १८५९ पासून अखेरपर्यंत ते बर्लिन नगरपरिषदेचे सदस्य होते. शहराच्या भुयारी गटार योजनेचा त्यांनी पाठपुरावा केला; जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने ती प्रत्यक्षात आणली. मांस तपासणीसाठीही ते आग्रही होते. प्रशियाच्या विधिमंडळात ते बिस्मार्क यांचे प्रमुख विरोधक होते. १८६५ मध्ये बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, परंतु ते द्वंद्व झाले नाही. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी जखमींसाठी रुग्णालय-रेल्वेगाड्यांच्या उभारणीत भाग घेतला.

मूल्यमापन

सूक्ष्मजंतू हेच रोगाचे पुरेसे कारण आहे, हे मत फिरखो यांनी मान्य केले नाही. इग्नाझ झेमेलवाइस यांच्या हात निर्जंतुक करण्याच्या सिद्धान्तालाही त्यांनी विरोध केला. टायफस अंगावरील उवांमार्फत पसरतो, हे त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी दाखवून दिले. मात्र, उपासमार, गर्दी व अस्वच्छता यांत उवा आणि टायफस दोन्ही फोफावतात. त्यामुळे रोगाचा वाहक ज्ञात झाल्यावरही सायलिशियाच्या अहवालाचे महत्त्व टिकून राहिले आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या आद्य लेखनात त्याचा समावेश होतो.

निधन

जानेवारी १९०२ मध्ये ट्राममधून उतरताना फिरखो यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.