कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर, १९१७ - ११ एप्रिल, २००१) या भारतीय जीवशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या. स्तनाच्या कर्करोगाची कारणे शोधण्याच्या कामात त्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला. पूर्वाश्रमीच्या त्या कमल समर्थ.

बालपण आणि शिक्षण

कमल यांचा जन्म पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते; आईचे नाव शांताबाई. मुलामुलींनी सारखेच शिकावे, असा वडिलांचा आग्रह असे. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशी विवाह करावा, ही वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. पदवी मिळवली. सीताफळाच्या कुलातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशशास्त्र हा त्यांचा विषय होता. १९३९ साली गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासाला साहाय्य केले.

संशोधन

मुंबईत आल्यावर कमल यांनी टाटा स्मारक रुग्णालयात काम सुरू केले. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. त्या मायदेशी परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुराही वाहिली.

उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि अर्बुदकारी विषाणू यांच्याशी असलेला संबंध अभ्यासला. या तीन घटकांचा एकत्रित विचार करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरील संशोधनातही त्यांचा सहभाग होता.

संशोधनाचे महत्त्व

स्तनातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी सौम्य असतात. तरुण स्त्रियांत आढळणारी फायब्रोॲडेनोमाची गाठ रबरासारखी असते व बोटाखाली सहज सरकते. स्तनपानाच्या काळात येणारी सूज ताप व ठणक्यासह येते आणि औषधोपचाराने बरी होते. याउलट कठीण, एका जागी घट्ट बसलेली व बहुधा न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव किंवा काखेतील गाठ ही धोक्याची लक्षणे होत. दुखत नाही म्हणून गाठीकडे दुर्लक्ष होते आणि संकोचामुळे ती सांगितलीही जात नाही. निदानासाठी डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने काढलेल्या नमुन्याची तपासणी अशा तीन पायऱ्या असतात. रोग लवकर ओळखल्यास शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांनी तो बरा होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. जवळच्या नात्यात हा रोग असलेल्या स्त्रियांनी अधिक सावध राहावे, हा आजचा सल्ला आनुवंशिकतेच्या अभ्यासावरच आधारलेला आहे.

सामाजिक कार्य आणि सन्मान

१९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत कमल यांचा पुढाकार होता. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. भारत सरकारने त्यांना १९८२ साली पद्मभूषण देऊन गौरवले. ८ नोव्हेंबर, २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जयंतीनिमित्त, गूगलने विशेष डूडल प्रसिद्ध केले.