रेव्हरंड नारायण शेषाद्रि आणि जालन्याचें बेथेल

जुना जालना येथें राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस कुंडलिकेचा कांठ नवा नाहीं. याच शहराजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे मात्र पुष्कळांस केवळ नांवानें ठाऊक असतात. म्हणून त्यांचें चरित्र संक्षेपानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नारायणराव जन्मानें ब्राह्मण. मुंबईस डॉ. जॉन विल्सन व रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें व तेथेंच त्यांच्या मनांत प्रभूविषयीं श्रद्धा उपजली. सन १८४३ त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं याचा अर्थ आईबापांचें घर, पंगत व जात या सर्वांस एका दिवसांत मुकणें असा होता. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क राखणारा कायदा त्यानंतर सात वर्षांनीं, १८५० त झाला.

त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांच्या आश्रयास आला होता. वडिलांनीं सुप्रीम कोर्टांत दाद मागितली व कोर्टानें त्या अल्पवयी मुलास वडिलांच्या स्वाधीन केलें. पुढें त्यास जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावर मोठें वादळ उठलें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्यास घेण्याचा पक्ष उचलला, तर सनातनी मंडळींनीं कडवा विरोध केला. त्या मुलाचें व त्या पित्याचें दुःख मनांत आणल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. एकानें केलेल्या धाडसाचें मोल कित्येकदां घरांतील सर्वांस द्यावें लागतें.

सन १८५४ त नारायणरावांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईंत त्यांस मान होता, मित्र होते व अध्यापनाचें कामहि होतें. तरी १८६० नंतरच्या दशकांत ते निजामाच्या राज्यांतील जालन्यास आले आणि मांग व महार या जातींच्या लोकांत काम करूं लागले. ज्यांची सावलीहि टाळावी असें त्यांस लहानपणीं शिकविण्यांत आलें असेल, त्यांच्याच झोपडीच्या दारांत ते आतां बसूं लागले.

परंतु येथें एक नवा प्रश्न उभा राहिला. नारायणरावांनीं घर सोडलें तेव्हां त्यांच्यापाशीं विद्या होती, ती त्यांस कोठेंहि पोसूं शकत होती. या गरीब लोकांची भाकर मात्र गांवाच्या मर्जीवर अवलंबून होती. गांव रुसलें तर त्यांनीं काय खावें व कोठें राहावें? ज्यानें दुसऱ्यास धोक्याच्या वाटेवर बोलाविलें, त्यानें त्याच्या निवाऱ्याची काळजीहि वाहिली पाहिजे, हें नारायणरावांनीं ओळखिलें. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारकीर्दींत मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं घरें, शेती, शाळा व प्रार्थनामंदिर यांसह गांव वसविलें. बेथेल म्हणजे देवाचें घर. घर सोडून निघालेला याकोब उशाशीं धोंडा घेऊन निजला, त्या जागेचें हें नांव. बेघर होण्याची भीति असणाऱ्यांच्या वस्तीस याहून समर्पक नांव कोणतें मिळालें असतें?

सन १८७३ त न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेस ते गेले व हिंदुस्थानांतील कार्याविषयीं तेथें बोलले. सन १८९१ त त्यांचा अंत झाला.

विद्यार्थीहो, जिवावर उदार होणें म्हणजेच श्रद्धा, असें समजूं नका. नारायणरावांनीं पहिलें धाडस एका दिवसांत केलें. दुसरें मात्र इतरांसाठीं घर बांधण्याचें होतें, व त्यास वर्षानुवर्षें लागलीं. पालकांसहि आमची विनंती आहे: मुलगा किंवा मुलगी एखाद्या कठीण सेवेची गोष्ट बोलूं लागली, तर तिला लगेच गप्प करूं नये. ती सेवा कोणाच्या उपयोगी पडेल व तिची किंमत कोण देईल, हें तिच्याजवळ बसून शांतपणें विचारावें.