शुक्राणू प्रथम पाहणारा कापडव्यापारी

अँटनी व्हॅन लीवेनहूक यांचा जन्म १६३२ साली हॉलंडमधील डेल्फ्ट नगरीत झाला. व्यवसाय कापडाचा. विद्यापीठीय शिक्षण नाही, विद्वानांची लॅटिन भाषाही अवगत नाही. तथापि स्वतः घडविलेल्या इवल्याशा भिंगांतून ते पाण्याचा थेंब, दातांवरील कीट न्याहाळीत आणि आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीस डच भाषेत पत्राने कळवीत.

१६७७ साली योहान हाम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका रुग्णाचे वीर्य त्यांना दाखविले. त्यात शेपटी असलेले सूक्ष्म जीव वळवळत होते. हा रोगाचा परिणाम असेल काय, हे पडताळण्यासाठी लीवेनहूक यांनी स्वतःचे निरोगी वीर्य तपासले. तेथेही तेच जीव आढळले. विषय संकोचाचा होता. अनुचित वाटल्यास पत्र प्रसिद्ध करू नये, अशी विनंती करूनच त्यांनी ते सोसायटीकडे धाडले. पुढे अनेक प्राण्यांत शोध घेऊन शुक्राणूंचे उगमस्थान वृषण हेच, असे त्यांनी दाखविले.

एका बाबतीत मात्र ते चुकले. संपूर्ण जीव शुक्राणूतच असतो, गर्भाशय केवळ त्याचे पोषण करते, असे ते मानीत. आपल्याकडील बीज आणि क्षेत्र या कल्पनेशी हे मत जुळणारे आहे. पीक आले तर श्रेय बीजाला, न आले तर दोष क्षेत्राला! १८२७ साली फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्यातील स्त्रीबीज शोधले. १८७६ साली हर्टविग यांनी सागरी अर्चिनमध्ये दोन्ही बीजांच्या केंद्रकांचा संयोग पाहिला. अपत्यजन्मात दोघांचाही वाटा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

साहजिकच वंध्यत्वाचे कारणही दोघांपैकी कोणातही असू शकते. वृषणातील शिरा फुगणे, वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, शुक्रवाहिनीतील अडथळा, संप्रेरकांची उणीव, अतिउष्णता, तंबाखू यांमुळे शुक्राणूंची संख्या किंवा गती घटते. शरीरसंबंधास समर्थ असलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू नसू शकतात. म्हणून पौरुष आणि प्रजननक्षमता एक नव्हे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे उपचारांचे फळही लगेच दिसत नाही.

लीवेनहूक १७२३ साली नव्वदाव्या वर्षी निवर्तले. साडेतीन शतकांपूर्वी त्यांनी स्वतःचे वीर्य भिंगाखाली ठेवले. आज मात्र कित्येक घरांत पत्नीच्या सर्व तपासण्या आणि नवससायास उरकले, तरी पतीची ही साधी तपासणी राहूनच जाते.