हजार चेहऱ्यांचा लॉन चेनी

आमच्या महिला मंडळाने मागे हुंडाबळीवर पथनाट्य बसवलं होतं. भाजलेल्या सुनेचा चेहरा रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पैसे नाहीत, मेकअपवाला नाही. व्हॅसलीन, मैदा, कुंकू आणि काजळ एवढ्यावरच भागवलं. पुढे बसलेल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला, तेव्हा जमलं म्हणायचं! त्याच सुमारास मी लॉन चेनीबद्दल वाचलं.

लॉनचा जन्म १ एप्रिल १८८३ चा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जचा. आई-वडील दोघंही मूकबधिर. आई संधिवाताने अंथरुणाला खिळली आणि चौथीतच लॉनची शाळा सुटली. दिवसभर आईजवळ बसायचं आणि बाहेर काय काय घडलं ते हातवारे करून, तोंडं करून तिला दाखवायचं. अभिनयाची त्याची शाळा हीच.

पुढे तो फिरत्या नाटक कंपन्यांत गेला. गायिका क्लीव्हाशी लग्न झालं, १९०६ मध्ये मुलगा क्रेटन झाला. पण संसार विस्कटला. १९१३ मध्ये लॉन काम करत होता त्या थिएटरातच क्लीव्हाने विष घेतलं. जीव वाचला, गळा मात्र कायमचा गेला. घटस्फोट झाला. मुलाला तर आई वारली असंच सांगण्यात आलं. लॉनच्या कलेपुढे हात जोडावेत, पण ही गोष्ट मला आजही पटत नाही.

नाटक सुटलं आणि तो सिनेमात आला. त्या काळी नटांनी आपला मेकअप आपणच करायचा. लॉन आपली पेटी घेऊन बसायचा. कोलोडिअन नावाचा चिकट द्राव कातडीवर लावला की वाळताना आकसतो, कातडी आत ओढतो आणि थेट जुन्या जखमेचा व्रण दिसतो. कापसावर त्याचेच थर दिले की गाल फुगवता येतात, हाडं वर काढता येतात. साहित्य साधंच, पण हात आणि नजर त्याची!

१९२० च्या 'द पेनल्टी'त पाय तुटलेला गुंड साकारताना त्याने पाय गुडघ्यात दुमडून मागे पट्ट्यांनी बांधून घेतले. वेदना इतक्या व्हायच्या, की थोडं शूटिंग झालं की पाय सोडावेच लागत. १९२३ मध्ये तो नोत्र दामचा कुबडा झाला, १९२५ मध्ये 'फँटम ऑफ द ऑपेरा'. फँटमचा मुखवटा निघतो त्या प्रसंगाची तर आजही चर्चा होते. शाळा चौथीत सुटलेल्या या माणसाने एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९२९ च्या आवृत्तीसाठी मेकअपवर लेखही लिहिला.

१९१५ मध्ये त्याने हेझलशी दुसरं लग्न केलं होतं. ती शेवटपर्यंत सोबत राहिली. १९३० मध्ये त्याचा पहिला आणि एकमेव बोलपट आला. त्यात त्याने वेगवेगळे आवाज काढले. पण तोवर कर्करोगाने गाठलं होतं. शेवटी आवाजच गेला आणि लहानपणी आईशी बोलायचा तसा तो पुन्हा हातांच्या खुणांनी बोलू लागला. २६ ऑगस्ट १९३० ला तो गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याची मेकअपची पेटी लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाने जपून ठेवली. आपली आई जिवंत आहे, हे क्रेटनला कळलं ते मोठेपणी.