रिचर्ड्सबाईंचा नकाशा

हेझन-विल्यम्सचा फॉर्म्युला पाठ न करता आपल्यातलं कुणी पाणीपुरवठ्याच्या पेपरला बसलेलं नाही. त्यातला हेझन १८८८ मध्ये बोस्टनच्या एमआयटीत (पुण्याची नव्हे!) रसायनशास्त्र शिकत होता. त्या वेळी तिथल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या, एलन स्वॅलो रिचर्ड्स. आपल्या टेक्स्टबुकांत मला तरी त्यांचं नाव कुठे सापडलं नाही, म्हणून हा लेख.

एलनचा जन्म १८४२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या डन्स्टेबल गावचा. शिकवण्या आणि मिळेल ती कामं करून पैसे साठवले आणि पंचविशीत कॉलेजला गेली. १८७० मध्ये पदवी घेतली, मग एमआयटीत अर्ज केला. तिथे तोवर एकही मुलगी नव्हती. संस्थेने तिला घेतलं, पण फी घेतली नाही. तिला वाटलं, आपली परिस्थिती बघून माफ केली असेल. खरं कारण वेगळंच होतं. उद्या कुणी ओरड केलीच, तर ही आमची विद्यार्थिनीच नाही, असं सांगायची सोय! प्रयोगशाळेत ती टेबलं पुसायची, कुणाचं बोट कापलं तर पट्टी बांधायची. आपलं असणं कुणाला खटकू नये म्हणून हे सगळं. १८७३ मध्ये बी.एस. झाली. पुढेही शिकत राहिली, पण एमआयटीची डॉक्टरेट काही मिळाली नाही.

याच काळात प्रा. निकल्स यांच्याकडे राज्याच्या आरोग्य मंडळाचं पाणी तपासायचं काम आलं. एलन त्यांची मदतनीस झाली आणि संशोधन कसं करतात ते तिथे शिकली. १८७५ मध्ये खाणकामाचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न झालं. हनिमूनला सोबत त्यांचा अख्खा वर्ग, नोव्हा स्कोशियाच्या खाणी बघायला! १८८४ पासून ती सॅनिटरी केमिस्ट्री शिकवू लागली. आता तिला बाईच म्हणायला हवं.

१८८७ मध्ये प्रा. ड्राउन यांच्या देखरेखीखाली राज्यभरच्या पाण्याची पाहणी सुरू झाली. तपासणीचा भार बाईंच्या प्रयोगशाळेवर. एकदा नमुना घेऊन मोकळं व्हायचं असं नव्हतं, त्याच ठिकाणचं पाणी पुन्हा पुन्हा यायचं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि क्लोराइड. आपण लॅबमध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकून विटकरी रंगाची वाट बघतो, तेच हे क्लोराइड.

आता गंमत बघा. तेवढं क्लोराइड स्वतः घातक नसतं. पण माणसाच्या लघवीतून मीठ जातं, ते सांडपाण्याबरोबर विहिरीत उतरतं आणि मातीतून गाळलं गेलं तरी निघत नाही. म्हणून ती सांडपाण्याची खूण. अडचण समुद्राची. वारा खारे तुषार आत आणतो, ते पावसाबरोबर जमिनीत मुरतात. मग किनाऱ्याजवळच्या विहिरीतलं क्लोराइड समुद्राचं की शेजारच्या संडासाचं?

उत्तर नकाशात मिळालं. जिथे वस्तीचा उपद्रव नाही अशा पाण्याचे आकडे नकाशावर मांडले आणि सारखे आकडे रेषांनी जोडले, आपल्या सर्व्हेइंगमधल्या कंटूरसारखे. रेषा साधारण किनाऱ्याला समांतर आल्या, आत जावं तसं क्लोराइड कमी. आता कुठल्याही विहिरीसाठी आधी रेषेवरचा आकडा बघायचा. त्याहून जास्त निघालं, तर वरचं माणसांचं.

आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे नदीतून तीन बाटल्या भरायच्या, तक्ता टाकायचा, खाली 'प्रदूषित' लिहून सबमिशन उरकायचं. कशाच्या तुलनेत प्रदूषित, हे व्हायव्हात विचारलं की सगळे छताकडे बघतात. बाईंचा नकाशा दख्खनवर जसाच्या तसा चालणार नाही, हे खरं. इथे बाष्पीभवनाने आणि कालव्याच्या पाण्यानेही क्षार वाढतात. पण वस्तीपासून लांबची, वरच्या अंगाची एखादी विहीर तपासायला कुणी अडवलंय?

१९०० मध्ये बाईंनी वुडमन यांच्याबरोबर हवा, पाणी आणि अन्न यांच्या तपासणीवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिलं. १९१० मध्ये स्मिथ कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ३० मार्च १९११ रोजी त्या गेल्या, तोवर एमआयटीत त्यांचं शिकवणं चालूच होतं.