गिरगावचा एक प्रेक्षक

मुंबई शहराने माणसांना काम दिले, तशी करमणूकही दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ग्रँट रोडच्या थिएटरांतून पारशी कंपन्यांची उर्दू-गुजराती नाटके चालत. मराठी संगीत नाटक मंडळ्यांचे खेळ रात्र-रात्र रंगत. मैदानात सर्कशीचे तंबू उभे राहत, आणि ज्याच्या खिशात काहीच नसे त्याला चौपाटीची हवा फुकट होती. १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली आणि शहराच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन खेळ पाहू लागला. हलती चित्रे त्याआधीच आली होती. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी वॉटसन हॉटेलात पहिला खेळ केला, तेव्हा तिकीट होते एक रुपया! पुढे नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांची जागा निघाली. अशा रीतीने साहेबांचा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. पण पडद्यावर दिसे ते सारे परक्यांचेच असे.

या प्रेक्षकांच्या गर्दीत १९११ साली एक मराठी गृहस्थ बसले होते. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचे चरित्र वाचताना माझ्या मनात ठसले ते हे, की दादासाहेब आधी प्रेक्षक होते आणि निर्माते मागाहून झाले.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका संस्कृत पंडिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग, यांपैकी काहीच त्यांनी सोडले नाही. स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे खेळही करीत. गोध्र्याला छायाचित्रांचा व्यवसाय मांडला, तर प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. १९०२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. याच त्या सरस्वतीबाई. पुढे पुराणवस्तू खात्यातील नोकरी स्वदेशीच्या दिवसांत सोडून दादासाहेबांनी छापखाना काढला, यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले; पण भागीदारांशी मतभेद झाले आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. चाळिशी उलटलेला, हाती कला असलेला पण उद्योग नसलेला हा माणूस त्या एप्रिलमध्ये आपल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेला.

पडद्यावर त्या दिवशी जनावरे होती. मुलाने घरी येऊन आईला सांगितले, तर घरात कोणाचा विश्वास बसेना! म्हणून दुसऱ्या दिवशी दादासाहेब सर्वांना घेऊन पुन्हा गेले. ईस्टरचे दिवस होते आणि पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालू होते. ते पाहता पाहता, इथे आपले राम-कृष्ण केव्हा दिसतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि पुन्हा गेला नाही. एका पोराच्या बोलण्यावर घरच्यांनी विश्वास ठेवला असता, तर ती दुसरी फेरी कदाचित झालीच नसती.

यानंतरचे काही महिने दादासाहेब रोज चित्रपट पाहत राहिले. इतरांच्या दृष्टीने ती चैन होती, पण त्यांची ती शाळा होती. या अभ्यासापायी त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. डोळे बरे होताच विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेण्याची व्यवस्था करून ते परतले. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसेंदिवस चित्रित केली आणि ती पाहून भांडवल देणारा मिळाला. तरीही पैसे पुरले नाहीत, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या त्यांच्या घरातच तयार झाला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके या आचाऱ्याला त्यांनी उभे केले. रोहिदास झाला भालचंद्र. सिनेमात काम करतो म्हटले की लोक नाके मुरडत. म्हणून हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो असे सांगा, असे दादासाहेबांनी आपल्या माणसांना बजावले होते. आणि सरस्वतीबाई? त्या सगळ्यांचा स्वयंपाक करीत, कपडे धूत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि रात्री दिव्याच्या उजेडात फिल्मला छिद्रे पाडीत.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात हा चित्रपट लोकांपुढे आला. त्याच कार्यक्रमात परदेशी कलाकारांचे नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटूही होता! मुंबईचा प्रेक्षक असल्या भरगच्च खेळाला सरावलेला होता. तरीही चित्रपटाला गर्दी झाली, कारण जी कथा तो कीर्तनात ऐकत आला ती त्या दिवशी डोळ्यांसमोर चालत होती. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर येताच लोक पायांतल्या वहाणा काढीत, असे सांगतात. करमणुकीला आलेल्या माणसाचे त्या अंधारात भक्तात रूपांतर होई.

पण प्रेक्षक कोणाच्या मालकीचा नसतो. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातच, मॅजेस्टिक सिनेमात, ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपटाचा हा शिल्पकार मागे पडला. १९३७ साली कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ज्या गर्दीला त्यांनी आपले देव दाखवले होते, ती दुसऱ्याच पडद्यांपुढे बसलेली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालचा, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी!

आमच्या घरी सिनेमाला जायचे म्हणजे आईचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडणार, हा हिशेब आधी होतो. त्यामुळे दादासाहेबांच्या चरित्रात माझे लक्ष तिकिटाच्या किमतीपेक्षा सरस्वतीबाईंच्या हातांकडे जाते. शहराची संध्याकाळ रमणीय व्हावी म्हणून एका घरातली बाई रात्र-रात्र जागत होती. दादासाहेबांची जिद्द थोर होती यात शंका नाही. पण त्या जिद्दीला लागलेले तेल घरातले होते. पहिल्या भारतीय चित्रपटाची आठवण काढताना आपण पडद्याकडे पाहतो. त्या फिल्मच्या कडांना असलेली छिद्रे कोणी पाडली, हेही आपण ध्यानात ठेवावे.